कोयनेचा भूकंप कुणाच्या खात्यावर?

मोठ्या आपत्तींची कुठलीही यादी उघडा, तिला दोन रकाने असतात. नैसर्गिकमध्ये १८८३ चा क्राकाटोआ आणि २००४ ची त्सुनामी, मानवनिर्मितमध्ये भोपाळ आणि चेर्नोबिल. वाटणी सोयीची आहे आणि बहुतेक वेळा चालूनही जाते. कोयनेपाशी मात्र ती अडते.

११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट, ४ वाजून २१ मिनिटं. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. दोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. कोयनेची वीज बंद पडली आणि मुंबईला अंधार बघावा लागला. पानशेत फुटून जेमतेम सहा वर्षं झाली होती, त्यामुळे धरणाचं काय झालं हे विचारण्याआधीच लोकांच्या पोटात गोळा आला असणार.

धरण टिकलं. कसं टिकलं, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच, स्वतःच्या वजनावर उभं राहणारं. आराखडा करताना अभियंत्यांनी भूकंपासाठी ०.०५ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीचं माप) एवढी तरतूद केली होती, म्हणजे धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतका आडवा जोर. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तीही उदारच होती, कारण दख्खनचं पठार म्हणजे अढळ कातळ अशीच शिकवण होती. धरणाच्या आतल्या एका बोगद्यात जमिनीचे झटके मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. त्या पहाटे त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी आणि नदीच्या दिशेने ०.४९ जी इतका झटका नोंदवला. हे आकडे ०.०५ शेजारी ठेवून 'बारापट, दहापट' असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. यंत्रावरचा आकडा क्षणभराच्या झटक्याचा असतो, आराखड्यातला सतत लागू धरलेल्या जोराचा. तरी अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातली दरी लपत नाही. धरणाच्या खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, बरोबर त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. वरचा जड भाग हेलकावला आणि सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा झाला. नंतर धरणाला मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट केलं गेलं. कोयनेची ती नोंद आणि त्या भेगा आज जगभरच्या धरण अभियंत्यांच्या अभ्यासात आहेत. भूकंपात धरणाचं काय होतं हे सांगणारी नवी गणिती पद्धत आली, की ती कोयनेवर चालवून बघतात. गणितातल्या भेगा तिथेच पडतात का, ही तिची परीक्षा.

आता खात्याचा प्रश्न. कोयना धरणामागचा शिवसागर जलाशय भरायला लागला १९६२ च्या सुमारास. त्यानंतर थोड्याच दिवसांत आसपासच्या गावांत छोटे धक्के जाणवू लागले, जमिनीखालून गडगड ऐकू येऊ लागली. भूकंपमापक बसवल्यावर दिसलं की बरेचसे धक्के जलाशयाच्या जवळपासचेच आहेत. सप्टेंबर १९६७ मध्ये ५ च्या वरचा एक धक्का बसला आणि तीन महिन्यांनी मुख्य भूकंप झाला. मग संशय पाण्यावर गेला.

पहिला विचार साहजिकच वजनाचा येतो. एवढं पाणी साठवलं, जमीन दबली, हलली. गणित करून बघा. १०० मीटर खोल पाणी तळावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलो दाब देतं. ५ किलोमीटर खोल कातळावर वरच्या खडकाचाच दाब असतो १३०० किलोच्या वर. म्हणजे जलाशयाचं वजन तिथे एक टक्कासुद्धा भरत नाही. नुसत्या ओझ्याने एवढा मोठा भूकंप होत नाही.

पाणी काम करतं ते वेगळ्या वाटेने. खोलवरच्या खडकात जुने भंग असतात. भंगाच्या दोन्ही बाजू वरच्या दाबाने एकमेकींवर घट्ट बसलेल्या असतात आणि घर्षणामुळे सरकत नाहीत. भारतीय भूपट्ट युरेशियाला रेटतोय, त्याचा ताण मात्र त्या भंगावर हजारो वर्षं साठत असतो. जलाशय भरला की भेगाभेगांतून पाण्याचा दाब हळूहळू खाली पोचतो. पाणीच खाली जायला हवं असं नाही, भेगांत आधीपासून असलेलं पाणी तो दाब पुढे ढकलतं. भंगाच्या फटीतलं पाणी दाबाखाली आलं, की दोन्ही बाजूंना थोडं अलग ठेवू पाहतं आणि घर्षण कमी होतं. ओल्या ओट्यावर गरम वाटी पालथी घातली की ती आपोआप सरकते, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. आत कोंडलेली हवा वाटीचा भार थोडा उचलते, एवढंच. सरकण्याच्या बेतात असलेल्या भंगाला तेवढं पुरतं.

हे नुसतं तर्काचं काम नाही, कारण त्याच वर्षांत अमेरिकेत नकळत एक प्रयोग होऊन गेला होता. डेन्व्हरजवळ लष्कराच्या रासायनिक कारखान्याचं सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबाने सोडलं जात होतं. त्या भागात धक्के सुरू झाले, आणि पाणी सोडण्याचं प्रमाण वाढलं की धक्केही वाढत. १९६६ मध्ये विहीर बंद केली, तरी सगळ्यात मोठे धक्के १९६७ मध्ये आले. दाब खडकात पसरायला वेळ लागतो, म्हणून. कोयनेतही हेच दिसतं. पावसाळ्यात जलाशय भरतो, धक्क्यांचं प्रमाण सप्टेंबरपासून वाढतं आणि हिवाळ्यातही टिकून राहतं. १९६७ चा भूकंपही डिसेंबरचाच.

कोयना एकटी नाही. चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा आणि ग्रीसमधलं क्रेमास्ता या तिन्ही जलाशयांजवळ १९६२ ते १९६६ या काळात ६ च्या वर भूकंप झाले. जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांत कोयनेचा आजवरचा सगळ्यात मोठा मानतात. पण जगात मोठी धरणं हजारोंनी आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांखाली जमीन हलली. 'धरण बांधलं म्हणजे भूकंप आलाच' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तसंच 'धरणाचा काय संबंध' म्हणणाऱ्यांनी वारणेकडे बघावं. कोयनेच्या दक्षिणेला वारणा जलाशय १९८५ मध्ये भरू लागला, आणि पुढे धक्क्यांचा मुक्काम त्या दिशेला सरकला. इतक्या वर्षांत हे सगळे धक्के साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यातच घोटाळतायत. पाच दशकांहून जास्त काळ एवढ्या छोट्या जागेत इतके भूकंप, तेही पाण्याच्या वेळापत्रकाशी जुळणारे, असं ठिकाण शोधून सापडणार नाही. इथल्या लोकांना वर्तमानपत्रातली बातमी पाठ आहे: कोयना परिसरात सौम्य धक्का, केंद्रबिंदू हेळवाकपासून इतक्या किलोमीटरवर, धरण सुरक्षित.

म्हणूनच शास्त्रज्ञांनी इथे जमिनीत भोक पाडलं. गोठणे इथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल विवर पूर्ण झालं. वरचा बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी कातळ, मध्ये गाळाचा थर नाही. भूकंप होतात ते याच कातळात. या कामासाठी कराडला खास प्रयोगशाळा उभी आहे. धक्का बसण्याआधी भंगाजवळच्या पाण्याचा दाब कसा बदलतो, हे तिथल्या तिथे मोजायचं, हा मूळ हेतू.

तर साठलेला ताण निसर्गाचा आणि तो मोकळा करणारा धक्का आपला. माझ्या मते ही विभागणी बरोबर आहे, पण तिच्यात माणसं कशाने मेली याचा हिशोब येत नाही. तो करायला किल्लारीला जावं लागतं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं उशिरा घरी येऊन झोपली होती. तीव्रता ६.२, म्हणजे कोयनेपेक्षा जराशी कमीच. सरकारी आकड्यानुसार मृत्यू आठ हजारांच्या घरात. किल्लारीच्या बाबतीतही जवळच्या निम्न तेरणा प्रकल्पावर बोट ठेवलं गेलं, पण कोयनेसारखा पुरावा तिथे नाही आणि बहुतेक अभ्यासक त्याला नैसर्गिकच धरतात. म्हणजे रकान्याप्रमाणे निर्दोष नैसर्गिक आपत्ती, आणि बळी कितीतरी पटींनी जास्त.

लातूर-उस्मानाबादची गावं दाट वस्तीची, कोयनेचं खोरं विरळ, हे एक कारण खरं. दुसरं कारण डोक्यावर होतं. घाटमाथ्यावर पाऊस मुसळधार, तिथे उतरतं छप्पर लागतं. मराठवाड्यात पाऊस कमी आणि ऊन कडक, तिथे माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी माती चढायची, पिढ्यान्‌पिढ्या. उन्हाळ्यात घर थंडगार राहायचं, हे खरंच. खाली भिंती हात-दोन हात जाडीच्या, पण दोन्ही बाजूंनी दगडाचे वेगवेगळे थर आणि मध्ये माती व चिपा भरलेल्या. दोन थरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. जमीन हलली की असली भिंत आतून फुगते, दोन्ही थर विलग होऊन कोसळतात, आणि वरचं टनावारी छत झोपलेल्यांवर येतं. मातीचा एवढा ढीग अंगावर पडला की दगड लागला नाही तरी श्वास कोंडतो.

पुढे ज्या गावांतली घरं उभी राहिली होती, तिथे अभियंत्यांनी सांगितलेली दुरुस्ती फारशी अवघड नव्हती. माळवदावरची जास्तीची माती उतरवा, भिंतीत जागोजाग छिद्रं पाडून दोन्ही थर सळई-काँक्रीटने जोडा, चारही भिंतींना वरून एक सलग पट्टा बांधा. काहींनी केली. पुष्कळांनी दगडी घराला कुलूप लावून अंगणात पत्र्याची शेड ठोकली आणि वर्षानुवर्षं तिथेच झोपले.