जिन्यावरच्या पावलांचा अर्थ

जिन्यावर पाऊल किती जड पडले, चपला नीट काढल्या की भिरकावल्या, कडी कशी वाजली, एवढ्यावरून बाप आज कोणत्या रंगात आहे हे सहा-सात वर्षांचे मूल ओळखते आणि वह्या गोळा करून कोपरा गाठते. ज्या घरात मारहाण नित्याची असते, तेथे ही विद्या फार लवकर अवगत होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांनी २००२ च्या सुमारास ती प्रयोगातून मोजली. आधी अंधूक असणारे आणि हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहरे त्यांनी मुलांना दाखवले, तेव्हा घरी मार खाल्लेल्या मुलांनी रागाचा चेहरा चित्र पुरते उमटण्यापूर्वीच, इतर मुलांच्या आधी ओळखला. आनंदाच्या चेहऱ्याबाबत मात्र त्यांना अशी आघाडी नव्हती. याला मेंदूतला बिघाड म्हणणे मला पटत नाही. त्या घरात निभावून नेण्यासाठी जे शिकणे भाग होते, ते मेंदू शिकला. अडचण अशी, की घर सुटले तरी शिकलेले सुटत नाही, आणि पुढे कचेरीत साहेबांच्या कपाळावरची साधी आठीसुद्धा छातीत धडकी भरवते.

याहून कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे मारणाऱ्यालाच बिलगणे. वळ उठेपर्यंत मार खाल्लेले मूल घटकाभराने त्याच आईच्या पदरात तोंड लपवते, आणि पाहणारे म्हणतात, 'विसरले बघा!' ते विसरलेले नसते. रेजिना सलिव्हन या संशोधिकेने उंदरांच्या नवजात पिल्लांना एक विशिष्ट वास आणि त्यासोबत विजेचा धक्का दिला, तेव्हा साधारण दहा दिवसांपर्यंतची पिल्ले त्या वासापासून पळण्याऐवजी त्याच्याकडेच सरकली. भीती शिकवणारा मेंदूतील अमिग्डाला हा भाग त्या वयात जणू गप्प बसवलेला असतो, आणि पिल्लू थोडे मोठे झाल्यावरही आई जवळ असली की तणावाचे संप्रेरक दबून तो पुन्हा गप्प होऊ शकतो. आंधळे पिल्लू आईपासून पळाले तर उपाशी मरेल, म्हणून निसर्गाने आधी ओढ दिली आणि भीती मागाहून. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. तरी 'एवढा त्रास होता, तर तू सांगितले का नाहीस?' असे प्रौढ झालेल्या पीडिताला विचारणाऱ्याने हे पिल्लू आठवावे.

मग यातून तरणारी मुले कशाच्या बळावर तरतात? हवाईतील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांतील जी मुले दारिद्र्य, घरातील कलह, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक आपत्तींत एकाच वेळी सापडली होती, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्यापाशी बहुधा एखादे भरवशाचे माणूस होते: आजी, शेजारीण, शिक्षक. भिंतीपलीकडचा मार ऐकू येणाऱ्या शेजाऱ्याला आपल्याकडे १०९८ हा क्रमांकही फिरवता येतो. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन केवळ मुलांसाठीच आहे.

कौआईतील ज्या मुलांचे पाऊल अठराव्या वर्षापर्यंत वाकडे पडले होते, त्यांच्यापैकीही बरीचशी तिशी-चाळिशीपर्यंत सावरली होती. कुणी अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू केले होते, कुणी सैन्यात गेले होते, तर कुणाला आवाज न चढवणारा जोडीदार मिळाला होता.