गाळ काढताना ओढ्यातले दगड आम्ही का हलवत नाही

काम झाल्यावर ओढा सपाट, एकसारखा का दिसत नाही, असं ग्राहक विचारतात. सह्याद्रीच्या पायथ्याचा ओढा उंचसखलच ठेवावा लागतो, तो त्यातल्या माशांसाठी.

दहा-पंधरा मीटरच्या टप्प्यात चार-पाच जातींचे बोटभर मासे एकत्र नांदतात, कारण त्यांनी जागा वाटून घेतलेल्या असतात. मल्या (गारा) खळाळातल्या दगडाला चिकटून त्यावरचं शेवाळ खरवडतो. त्याचं तोंड खालच्या अंगाला आणि तोंडामागे पकड घेणारी चकती. त्याच दगडाखाली मुरी मिशांनी चाचपत किड्यांच्या अळ्या शोधते. दोघेही तळाचेच, पण एक दगडावर, दुसरी दगडाखाली. डॅनिओ धारेत वरच्या थराला राहून पडलेले किडे टिपतो. खवलीला डोहाचं संथ पाणी लागतं. नितळ पाण्यात शेवाळलेल्या दगडावर खरवडल्याचे स्वच्छ पट्टे दिसले, तर तिथे मल्या चरतो. दगड उचलून पाहिलात, तर त्याच खोबणीत, त्याच बाजूने परत ठेवा.

पावसाळ्यात खाणं मुबलक असतं, तेव्हा हे मासे एकमेकांच्या जागेत सर्रास फिरतात. उन्हाळ्यात पाणी आणि खाणं दोन्ही आटतं. खरी गरज तेव्हाच असते या वाटणीची, आणि जेसीबीही नेमका तेव्हाच ओढ्यात उतरतो. तळ सपाट केला की पाणी पसरून चार बोटं उरतं आणि तापतं. खडीच्या फटी मातीने बुजल्या, तर मुरीचा आसरा जातो आणि खडीत टाकलेल्या अंड्यांना प्राणवायू मिळत नाही.

म्हणून गाळ फक्त डोहातला काढतो, मूळची खडी लागली की जेसीबीची बादली थांबते. मधला खळाळ तसाच राहतो. डोह बुजून गेले असतील, तर नवे डोह एकमेकांपासून ओढ्याच्या रुंदीच्या ५ ते ७ पट अंतरावर घेतो. ४ मीटर रुंद ओढ्यात हे अंतर २० ते २८ मीटर होतं. फूटभरापेक्षा मोठा दगड हलवत नाही. सगळे डोह एकदम उपसत नाही, एकाआड एक घेतो. काढलेला गाळ काठावर टाकू नका, पहिल्याच पावसात तो परत खडीत बसतो.

रस्त्याखाली पाइप टाकायचा असेल, तर त्याच्या उंचीचा पाचवा हिस्सा तळाखाली गाडून घ्या. पाइपाचं तोंड अधांतरी राहिलं, तर बोटभर मासा वर चढूच शकत नाही.

डोह स्वच्छ झाला म्हणून त्यात चिलापी सोडू नका. ती मिळेल ते खाते, तळ उकरून घरटी करते आणि खवलीची जागा बळकावते.