टनभर वजन, पाव युनिट वीज

दहा लिटर पाण्याने भरलेली बादली जिन्याने एक मजला वर न्या. हाताला रग लागते, दम लागतो. पण एवढ्या कष्टाने त्या पाण्यात साठलेली ऊर्जा 9 वॅटचा एलईडी दिवा जेमतेम अर्धा मिनिट पेटता ठेवेल. टनभर वजन 100 मीटर उचललं, तरी हिशेबाने साठते पाव युनिटच्या आसपास वीज. गुरुत्वाकर्षणाकडे ऊर्जा ठेवायची तर वजन अफाट लागतं.

ठेवायची कशाला? वीज तयार झाली की त्याच क्षणी वापरावी लागते. सौरवीज दुपारी उतू जाते आणि मागणी चढते दिवस मावळल्यावर.

एडिंबरातल्या लीथ बंदरात 2021 साली 15 मीटरच्या मनोऱ्यावर 25-25 टनांची दोन वजनं वर-खाली करून पाहिली. प्रयोग जमला. पण 50 टन पुरते 15 मीटर खाली आले, तरी मिळणार 2 युनिटच! म्हणूनच अशा यंत्रांसाठी बंद पडलेल्या खाणींच्या शेकडो मीटर खोल विवरांकडे पाहिलं जातं.

मला मात्र पाण्याला तोड दिसत नाही. ते घडवावं लागत नाही, रचावं लागत नाही आणि बोगद्यातून लाखो टनांनी वाहतं. जादा विजेने पाणी वरच्या तळ्यात चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज परत घ्यायची, या पद्धतीला मराठीत ‘उदंचन’ म्हणतात. वेल्समधलं डिनॉर्विग केंद्र 1984 साली सुरू झालं. पाटीच्या दगडाची जुनी खाण असलेल्या डोंगराच्या पोटात सहा यंत्रसंच आहेत. मागणी कमी असताना ते खालच्या तळ्यातलं पाणी सुमारे 500 मीटर वरच्या तळ्यात चढवतात. उलट फिरले की तेच संच वीज देतात. मागणी अचानक उसळण्याची शक्यता असली, की दाबाच्या हवेने पाणी खाली रेटून टर्बाइनची पाती कोरडीच, पूर्ण वेगाने फिरती ठेवतात. मग पाणी सोडलं की सुमारे 12 सेकंदांत शून्यावरून 1,320 मेगावॅट! इतकी तयारी मला थक्क करते.

घर्षणापायी चार युनिट घालावीत तेव्हा तीनेक परत मिळतात. नदी अडवलीच पाहिजे असंही नाही. एकदा भरलेलं पाणीच वर-खाली फिरतं, बाष्पीभवनाने घटेल तेवढी भर घालायची. खरी अडचण जागेची. दोन तळी जवळजवळ हवीत, त्यांच्या उंचीत मोठा फरक हवा आणि मधला खडक बोगदे पेलणारा हवा.