घाट उतरताना ब्रेकचं काय होतं

धुळ्याहून सुरतेकडे जाताना दहिवेल मागे पडलं की कोंडाईबारी घाट लागतो, आणि पुढचा रस्ता विसरवाडी, नवापूर करत समुद्राच्या दिशेने उतरत जातो. घाटात गाडी उलटली की 'ब्रेक फेल झाला' एवढंच ऐकू येतं. ब्रेक मात्र अचानक जात नाही. आधी तो तापतो.

सोळा टनांचा ट्रक 300 मीटर खाली उतरला तर साधारण 160 लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी उष्णता तयार होते. थोडी टायर आणि वारा खातात. उरलेली इंजिनाने घेतली नाही, तर सगळी ब्रेकच्या वाट्याला येते.

म्हणून इंजिनाने गाडी रोखून धरावी यासाठी, जो गिअर टाकून हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो उतार लागायच्या आधीच टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे फसतात: आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र जळत राहतं. इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, कारण पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही.

ब्रेकवर पाय नुसता ठेवून उतरू नका. नीट दाबा, वेग दहा-पंधराने उतरवा, पाय पूर्ण उचला.

कारचं पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, जळका वास येतोय, तर चाकाला घासून गाडी रोखणारे पॅड किंवा लायनर तापून पकड सुटली आहे. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक सांगतं. पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा 140 वर येते. तेल उकळून झालेली वाफ दाबली जाते, म्हणून जोर चाकापर्यंत पोचत नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलायचं ते यासाठी, पण तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला जाणाऱ्या किती जीपमालकांना शेवटचं तेल कधी बदललं ते सांगता येईल?

ट्रकला हवेचे ब्रेक. सारखे पंप केले तर हवा भरणारा कॉम्प्रेसर पुरा पडत नाही. हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर लक्ष असू द्या.

वास आला की रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. चाकातल्या तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी ओतू नका, त्याचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं. हँडब्रेकही ओढू नका. रिव्हर्स गिअर टाकून चाकांपुढे दगड लावा. निघताना ते दगड काढून बाजूला टाका, रात्री मोटारसायकलवाल्याला दिसत नाहीत.