सिलिॲकचे पथ्य : धान्यापासून कणापर्यंत

सिलिॲक आजाराचा रुग्ण बाहेर जेवायला बसतो तेव्हा त्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. पदार्थात गहू, जव किंवा राय यांपैकी काही आहे का, हा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर थोडी चौकशी केल्यावर बहुतेक ठिकाणी मिळते. हा पदार्थ ज्या तेलात तळला त्यात आधी गव्हाच्या पिठाचे काही तळले होते का, ज्या चमच्याने तो ढवळला तो दुसऱ्या भांड्यातून आला होता का, हा दुसरा प्रश्न. आणि इथे समोरचा वाढपी बहुधा गोंधळतो, कारण एवढ्याशाने काय होते, ही समजूत त्याच्याही मनात असते. पहिल्या प्रश्नामागचे कोडे वैद्यकाने १९५० च्या सुमारास सोडवले. दुसऱ्या प्रश्नातले ‘एवढेसे’ म्हणजे नेमके किती, हे ठरायला त्यानंतर आणखी अर्धे शतक गेले, आणि ठरलेला आकडा बंद पाकिटापर्यंत पोहोचला असला तरी ताटापर्यंत अजून नीट पोहोचलेला नाही.

सिलिॲक हा ॲलर्जीचा प्रकार नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये असलेल्या ग्लुटेन या प्रथिनाच्या निमित्ताने शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवते, अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि अन्न पोटात जाऊनही अंगी लागत नाही. जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकीय ठेवण आढळते. मात्र ही ठेवण सर्वसामान्य लोकांपैकीही सुमारे एक तृतीयांश जणांत असते आणि त्यांतल्या फारच थोड्यांना आजार होतो. उपचार म्हणून आजही एकच गोष्ट हाती आहे, ती म्हणजे जन्मभराचे पथ्य.

आजाराचे नाव त्याच्या कारणाच्या शोधापेक्षा फार जुने आहे. कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अॅरेटियस याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात जुनाट अतिसाराने खंगत जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आणि पोटासाठीच्या ‘कोइलिया’ या ग्रीक शब्दावरून त्यांना नाव दिले. ते रुग्ण आजच्या अर्थाने सिलिॲकचेच होते, असे खात्रीने म्हणता येणार नाही. आधुनिक इतिहासाची सुरुवात लंडनमध्ये होते. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या बालरुग्णालयात ऑक्टोबर १८८७ मध्ये डॉ. सॅम्युएल गी यांनी या विकारावर व्याख्यान दिले आणि पुढच्या वर्षी ते छापून आले. रुग्ण बरा होणारच असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांचे निदान आजही खरे आहे. पिठूळ पदार्थ कमी द्यावेत, असेही त्यांनी सांगितले. पण कोणते पीठ, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांच्या पथ्यात पातळ कापून भाजलेला पाव चालत होता. त्यांनी नोंदवलेली एक हकिकत मोठी बोलकी आहे. एका मुलाला रोज भरपूर शिंपले खायला दिल्यावर ते विलक्षण सुधारले, शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा आजारी पडले, आणि पुढच्या हंगामात त्याने शिंपले खायला साफ नकार दिला. उपचार आहाराचा असला की तो रुग्णाच्या जिभेच्या आणि मर्जीच्या स्वाधीन असतो, ही अडचण पहिल्याच निबंधात अशी नोंदली गेली.

गी यांच्यानंतरची साठ वर्षे योग्य दिशेने पण चुकीच्या कारणांसाठी गेली. न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांच्या पथ्याविषयी लिहिले. पाव, बिस्किटे, बटाटे आणि सर्व धान्ये बंद करून ते मुलांना केळी खायला घालत. मुले सुधारत, आणि श्रेय केळ्यांना मिळे. सुधारणा केळ्यांमुळे होत नसून ताटातून गहू गेल्यामुळे होत होती. हे पथ्य पुढे तीस वर्षे प्रचलित राहिले आणि त्याने कित्येक मुलांचे प्राणही वाचवले, परंतु कारण चुकीचे धरले गेल्याने बरे वाटू लागलेल्या मुलाला पुन्हा नेहमीचा आहार सुरू करण्यात कोणाला वावगे वाटत नसे. या आजारात बालपणीच बरा झालो, असे समजणाऱ्या प्रौढ रुग्णांची एक पिढी अशीच तयार झाली.

खरे कारण शोधले ते हॉलंडमधील डॉ. विलेम कारेल डिके यांनी. त्यांच्या शोधाची जी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते ती अशी : दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगू लागले, आणि पाव मिळेनासा झाल्यावर इस्पितळातली सिलिॲकची मुले मात्र सुधारली, मदत म्हणून पाव येताच ती पुन्हा आजारी पडली. गोष्ट खोटी नाही, पण तिच्यामुळे शोधाचा क्रम उलटा होतो. डिके हे हेगच्या युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख होते आणि पावाविषयीचा संशय त्यांना १९३० च्या दशकातच आला होता. गव्हाशिवायचे पथ्य त्यांनी युद्धापूर्वी करून पाहिले होते आणि १९४१ मध्ये त्याविषयी डच भाषेत लिहिलेही होते. दुष्काळाने त्यांचा संशय पक्का केला, निर्माण केला नाही. उपासमारीतून शोध लागला, ही कथा ऐकायला चांगली वाटते, म्हणूनच ती टिकली असावी. त्यामागची वर्षानुवर्षांची वजने आणि नोंदवह्या मात्र विस्मरणात जातात.

युद्धानंतर डिके यांनी उत्रेख्त येथील बालरोगतज्ज्ञ वायर्स आणि रसायनतज्ज्ञ व्हान दे कामर यांच्यासह काम केले. व्हान दे कामर यांनी शौचातील चरबी मोजण्याची खात्रीशीर पद्धत बसवली होती. मुलाच्या आहारात गहू घातला की चरबीचे शोषण घटून ती शौचावाटे बाहेर पडते आणि गहू काढला की ते पूर्ववत होते, हे त्यामुळे आकड्यांत दाखवता आले. डिके यांचा प्रबंध १९५० मध्ये सादर झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत हॉलंडमधील या गटाने आणि इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या गटाने दाखवून दिले की दोष पिष्टात नाही, तर पीठ पाण्याखाली मळून धुतल्यावर मागे उरणाऱ्या चिवट गोळ्यात, म्हणजे ग्लुटेनमध्ये आहे. हा गोळा इटलीतील बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच वेगळा काढला होता.

आतड्यात नेमके काय घडते, हे डोळ्यांनी पाहण्याची सोय त्यानंतर झाली. इंग्लंडचे डॉ. पॉली यांनी १९५४ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या तुकड्यांवरून आतड्याच्या अस्तरातील बिघाड दाखवला. मार्गो शाइनर यांनी १९५६ मध्ये तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा नमुना घेतला आणि १९५७ मध्ये अमेरिकेतील विल्यम क्रॉस्बी यांची गिळता येणारी कॅप्सूल आली, जिच्यातले लहानसे पाते आतड्यात पोहोचल्यावर अस्तराचा कण कापून घेत असे. या साधनांनी निदान निश्चित झाले, पण ते कष्टाचेही झाले. १९७० च्या सुमारास रूढ झालेल्या युरोपीय निकषांनुसार मुलांची बायोप्सी तीनदा करावी लागे : ग्लुटेन खाताना, ते बंद केल्यावर आणि पुन्हा सुरू केल्यावर.

रक्ततपासणीने हे चित्र पालटले. १९९७ मध्ये जर्मनीतील डीटरिश, शुपान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णाच्या शरीरातील प्रतिपिंडे ऊतींमधील ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्ध काम करतात, आणि त्यावर आधारलेली चाचणी थोड्याच काळात सर्वत्र गेली. शोधणे सोपे झाले तसा आजार कोणाला होतो याची समजूतही बदलली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत १३,१४५ व्यक्तींच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा ज्यांना विशेष जोखीम नव्हती अशांतही १३३ जणांमागे एक, असे प्रमाण निघाले. जगभरात आज ते साधारण एक टक्का मानले जाते. पोट फुगलेले, हातपाय काड्या झालेले मूल हे जुन्या पुस्तकांतले चित्र. आता निदान होते ते वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणाऱ्या स्त्रीचे, लवकर ठिसूळ झालेल्या हाडांचे, वंध्यत्वाच्या तपासणीत सापडलेल्या दांपत्याचे, किंवा काहीच तक्रार नसलेल्या भावाचे, केवळ बहिणीला आजार निघाला म्हणून. एक खबरदारी मात्र अजूनही वारंवार सुटते : तपासणीआधीच ग्लुटेन बंद केले तर प्रतिपिंडे उतरतात, अस्तर भरून येऊ लागते, आणि निदान कायमचे अधांतरी राहते.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. गहू वर्ज्य, हे कळल्यावर किती गहू चालतो, हे मोजणे भाग होते, आणि मोजण्याचे साधनच नव्हते. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९७९ मध्ये ग्लुटेनमुक्त अन्नाचे पहिले मानक केले, ते ग्लुटेनवर नव्हे तर नायट्रोजनच्या प्रमाणावर बेतलेले होते. प्रतिपिंडांच्या साहाय्याने ग्लुटेन थेट मोजणाऱ्या चाचण्या आल्यावर खरा आकडा शक्य झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात पथ्यावर असलेल्या प्रौढ रुग्णांना तीन महिने रोज काहीच नाही, १० मिलिग्रॅम किंवा ५० मिलिग्रॅम ग्लुटेन देण्यात आले, आणि ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तरात झीज आढळली. पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम गव्हाचे पीठ, बोटांच्या चिमटीत मावेल इतके. कोडेक्सने २००८ मध्ये सुधारलेल्या मानकात किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. या मर्यादेला टेकलेले अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्ले तरी पोटात १० मिलिग्रॅमच जातात, असा तो हिशेब आहे. युरोपीय संघाने २००९ च्या नियमात आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये हाच आकडा स्वीकारला.

ओट्सची कथा या मोजमापाशी जोडलेली आहे. डच गटाने ओट्सही घातक मानले होते. १९९५ मध्ये फिनलंडच्या अभ्यासाने बहुतेक रुग्णांना ते सोसतात, असे दाखवले. तरी बाजारातले साधे ओट्स रुग्णाने खाऊ नयेत, कारण ते गव्हाशेजारच्या शेतात पिकतात, त्याच यंत्रांतून मळले जातात आणि त्याच गाड्यांतून वाहिले जातात. धान्य निर्दोष ठरले तरी त्याची सोबत नडते.

हॉटेलच्या भटारखान्यात नेमकी हीच अडचण असते, आणि तिथे पाकीटही नसते, त्यावरची खूणही नसते. रुग्णांनी स्वतः संघटित होऊन बरेच काही मिळवले. ब्रिटनमधील सिलिॲक सोसायटी १९६८ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक पीटर बेनेन्सन, ज्यांनी अॅम्नेस्टी इंटरनॅशनल उभारली, ते स्वतः या आजाराचे रुग्ण होते. छेद दिलेल्या कणसाचे जे चिन्ह आज अनेक देशांत पाकिटांवर दिसते ते त्याच सोसायटीचे. इटलीने २००५ च्या कायद्याने शाळा आणि इस्पितळांच्या भोजनगृहांत ग्लुटेनमुक्त जेवणाची सोय बंधनकारक केली आणि हॉटेल व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद केली. युरोपात डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांनाही चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि त्यांत ग्लुटेनयुक्त धान्ये येतात. मात्र बारकाईने पाहिले तर हा नियम पदार्थात काय घातले आहे, एवढेच विचारतो. काय चुकून पडले, हे तो विचारत नाही.

चुकून किती पडते, याचा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका विश्लेषणाने दिला. लोकांनी खिशात मावणाऱ्या चाचणीयंत्राने उपाहारगृहांतील ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून दिलेल्या पदार्थांच्या साडेपाच हजारांहून अधिक चाचण्या केल्या होत्या. सुमारे एक तृतीयांश चाचण्यांत ग्लुटेन आढळले आणि पिझ्झा व पास्त्याच्या बाबतीत निम्म्याहून अधिक चाचण्यांत. असे यंत्र मर्यादेहून कमी ग्लुटेनही टिपू शकते, तेव्हा प्रत्येक सापडलेला अंश घातकच होता, असे नव्हे. पण पिझ्झा आणि पास्ता वर असण्यामागचे कारण स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही कळेल : भट्टी एकच, उकळते पाणी तेच, चाळणी तीच, आणि हवेत उडालेले पीठ तासन्‌तास बसत राहते. गेल्या दशकात वजन उतरवण्यासाठी ग्लुटेन सोडण्याची टूम निघाली, तिने या बाबतीत दुहेरी परिणाम केला. पदार्थांची यादी वाढली, पण ग्लुटेनमुक्त मागणारे बहुतेक ग्राहक हौशी आहेत, हे आचाऱ्याच्या लक्षात आले आणि दक्षता सैलावली.

प्रकृतीच्या दृष्टीने यातला गोम असा की चूक झाली तरी ती अंगावर येईलच, असे नाही. काही रुग्णांना तासाभरात उलट्या होतात, काहींना काहीच जाणवत नाही आणि अस्तर मात्र झिजत राहते. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या आजारात हाडांची घनता घटते, आणि क्वचित लहान आतड्यातील लसिका पेशींचा कर्करोगही होतो. रक्तातील प्रतिपिंडे उतरायला अनेक महिने लागतात आणि एखाददुसऱ्या चुकीने ती वाढतीलच, असेही नाही, म्हणून वार्षिक तपासणीत पथ्य निर्दोष दिसू शकते. अलीकडे लघवीत किंवा शौचात ग्लुटेनचे न पचलेले तुकडे शोधणाऱ्या चाचण्या आल्या आहेत, आणि काटेकोर पथ्य पाळणाऱ्यांमध्येही ते सापडतात. ग्लुटेन गेल्या एक-दोन दिवसांत किंवा थोडे आधी पोटात गेले, एवढे ही चाचणी सांगते. ते घरच्या ताटातून गेले की बाहेरच्या, हे तिला सांगता येत नाही.