बॉन्साय : कोवळ्या रोपाची पहिली आकारणी

उथळ कुंडीत वाढवायच्या झाडाला ते कोवळे असताना प्रथमच निश्चित वळण देण्याची क्रिया. तीत दर्शनी बाजू ठरवणे, फांद्यांची निवड, छाटणी आणि तारबांधणी यांचा समावेश होतो. फांद्या चुकल्या तर बहुतेक जातींत त्या पुन्हा फुटवून घेता येतात. बुंध्यालगतचे खोड मात्र एकदा जाड झाले की वळत नाही. त्यामुळे पहिल्या आकारणीतला खरा निर्णय खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याचा असतो. नवशिके बहुधा शेंड्याकडच्या फांद्यांवर वेळ घालवतात आणि हा हिस्सा सरळ राहून जातो.

इतिहास : ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र व ‘साय’ म्हणजे लावणी. हा जपानी शब्द चिनी ‘पेन्झाय’वरून आला. चीनमधील राजपुत्र जांगह्वाय याच्या थडग्यातील (इ. स. ७०६ च्या सुमाराचे) भित्तिचित्रात सेवकांच्या हाती खुजी झाडे व दगड मांडलेले तबक दिसते. जपानमध्ये १३०९ च्या सुमाराच्या ‘कासुगा गोंगेन गेन्की’ या चित्रांच्या गुंडाळीत अशी झाडे आहेत. त्यावरून कलेचा उगम चीनमध्ये झाला हे मत सामान्यतः मान्य आहे. मात्र चित्रांतील झाडे मुद्दाम वळवलेली होती, की डोंगरकपारींतून खुजीच उकरून आणलेली, हे चित्रांवरून ठरत नाही. निसर्गतः खुरटलेली झाडे गोळा करणे ही आधीची पायरी असावी, हे अधिक संभवनीय वाटते. तारेचा वापर बराच नंतरचा. चीनमधील यांगजौ परंपरेत ताडवर्गीय झाडाच्या तंतूंनी फांद्या बांधून वळवतात. ग्वांगदुंगमधील लिंगनान परंपरेत मुख्य भर छाटणीवर असतो : फांदी कापायची, हव्या दिशेचा डोळा (कोंब) वाढू द्यायचा, तो जाड झाला की पुन्हा कापायचे. जपानमध्ये तांब्याच्या तारेचा प्रसार मेजी काळात (१८६८–१९१२) झाला असे मानतात.

दर्शनी बाजू : वरची १–२ सेंमी. माती काडीने अलगद सारून बुंध्याभोवतीची मुळे उघडी करतात. मुळे दोन्ही बाजूंना पसरलेली दिसतील आणि खोड बुंध्याशी रुंद व वर निमुळते वाटेल, ती बाजू समोर घेतात. शेंडा पाहणाऱ्याकडे किंचित झुकलेला ठेवतात. खोडाची वळणे डावी-उजवीकडेच दिली, तर झाड बाजूने पाहता सपाट पडते. म्हणून एखादे वळण मागेपुढेही हवे आणि वर जाताना वळणांमधले अंतर कमी होत जायला हवे.

वळण टिकते कसे : वाकवलेल्या फांदीतले जुने लाकूड बदलत नाही. सालीखालचा ऊतककर (वाढ करणाऱ्या पेशींचा पातळ थर) नव्या लाकडाचे थर वाकलेल्या स्थितीत चढवतो आणि ते थर फांदीला जागी धरून ठेवतात. काही जाणकार वाकवताना पडणाऱ्या सूक्ष्म भेगा भरून येण्यास अधिक श्रेय देतात. परंतु सुप्तावस्थेत बांधलेली फांदी वाढ सुरू होईपर्यंत पक्की होत नाही, हे पाहता नव्या थरांचे स्पष्टीकरण अधिक समाधानकारक आहे. खाली ओढलेल्या फांदीत आणखी एक घडामोड होते. सूचिपर्णी झाडे तिच्या खालच्या बाजूस दाबणारे आणि रुंदपर्णी झाडे वरच्या बाजूस ओढणारे असे ‘प्रतिक्रिया काष्ठ’ तयार करतात. दोन्हींचा परिणाम एकच : फांदी पुन्हा वर उठू पाहते. तार लवकर काढल्यास वळण सुटते ते यामुळेच. जाडी वाढल्याशिवाय वळण पक्के होत नाही आणि जाडी वाढली की तार रुतते. म्हणून तार रुतू लागणे ही वळण पक्के होत आल्याचीही खूण असते.

तारबांधणी : नवशिक्याला ॲल्युमिनियमची तार सोयीची, कारण तांब्याची तार वाकवताच कडक होते. तारेची जाडी फांदीच्या सुमारे एक-तृतीयांश ठेवतात, पेन्सिलीएवढ्या (७–८ मिमी.) खोडाला २.५–३ मिमी. तार पुरते. लांबी फांदीच्या साधारण दीडपट घेतात. खोडाची तार मातीत खोल रोवतात. फांद्यांसाठी एकच तार दोन फांद्यांत वाटून मधल्या खोडाला किमान एक वेढा देतात, नाहीतर एक फांदी वाकवताना दुसरी हलते. वेढे ४५ अंशांत, सालीला टेकलेले पण न आवळलेले असावेत. क्रम जाड फांद्यांकडून बारीक फांद्यांकडे. बाहेरच्या बाजूला जेथे वेढा असेल तेथेच वळण द्यावे, कारण साल फाटते ती त्याच बाजूला. आदल्या दिवशी पाणी कमी दिल्यास फांद्या लवचिक राहतात. कट्ट असा आवाज आला की थांबावे.

छाटणी : पहिली फांदी उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला ठेवतात. एकाच पातळीवर समोरासमोर फुटलेल्यांपैकी एक, तसेच वळणाच्या पोटातली आणि सरळ उभी वाढणारी फांदी काढतात. एकाच जागी तीन-चार फांद्या राहू दिल्या, तर तेथे गाठ फुगून खोड वर जाड, खाली बारीक दिसू लागते. एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक पाने काढू नयेत. जुनिपर व पाइन या सूचिपर्णी झाडांची फांदी पूर्ण निष्पर्ण केली तर ती बहुधा मरते. एल्म व फायकस (वड-पिंपळाच्या वर्गातील झाडे) ही रुंदपर्णी झाडे जुन्या लाकडावरही फुटतात. फायकसचा चीक ओल्या फडक्याने टिपावा.

खोड जाड व्हायचे असेल, तर खालची एखादी नको असलेली फांदी मोकळी वाढू देऊन काम झाल्यावर कापतात. तोवर रोप मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत ठेवणेच योग्य. उथळ कुंडीत घाईने लावलेले रोप वर्षानुवर्षे काडीच राहते.

नंतरची निगा : आकारणी आणि कुंडीबदल एकाच वेळी करू नयेत. रोप दोन-तीन आठवडे सौम्य उन्हात, वाऱ्यापासून दूर ठेवतात. वाढीच्या काळात दर पंधरवड्याला तार तपासतात. जोमाने वाढणाऱ्या पानझडी झाडांत ती काही आठवड्यांतच रुतते, तर जुनिपरवर वर्षभरही राहू शकते. तार उलगडून काढू नये. प्रत्येक वेढ्यावर कापून तुकडे सोडवावेत. फांदी परत उठली तर नवी तार आधीच्या खुणांवरून न नेता वेगळ्या मार्गाने बांधतात.