पोटमाळ्यातून पळणारी ऊब

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जानेवारीचं गॅसचं बिल आलं की पहिलं भांडण थर्मोस्टॅटवरून होतं. खरा चोर मात्र याच राज्यात, ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत, सत्तरच्या दशकात सापडला होता.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. ३ डॉलरच्या आसपासचं पिंप काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेलं. तोवर इंधन इतकं स्वस्त होतं, की भिंतीत काय भरलंय याची फिकीर कोण करणार? मग जो तो पोटमाळ्यात ऊब धरून ठेवणारी काचलोकर (काचेच्या तंतूंची गादी) अंथरू लागला. बिलं मात्र हिशेबाप्रमाणे उतरेनात.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे रॉबर्ट सोकोलो आणि सहकारी ट्विन रिव्हर्सच्या जोडघरांत मोजमापं घेत होते. पोटमाळे हिशेबापेक्षा उबदार निघाले. ऊब येत होती कुठून? गौतम दत्त आणि इतरांनी वाटा शोधल्या: दोन घरांमधल्या सामाईक भिंतीचे पोकळ ठोकळे थेट पोटमाळ्यात उघडत होते, घर तापवणाऱ्या भट्टीच्या धुराड्याभोवतीही फट होती. गरम हवा काचलोकरीला वळसा घालून वर जायची आणि तिच्या जागी खालच्या फटींतून थंड हवा आत ओढली जायची. पुण्याच्या थंडीत स्कूटरवर बसताना स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. लोकर ऊब धरते, वारा अडवत नाही.

याच काळात गळती मोजायचं यंत्र आलं. स्वीडनमध्ये खिडकीत बसवायचा पंखा अमेरिकेत दारात आला. ‘ब्लोअर डोअर’ घरातली हवा बाहेर खेचून आत-बाहेरच्या हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक ठेवतं (पास्कल हे दाबाचं माप). तेवढ्यासाठी पंख्याला जितकी हवा खेचावी लागते, तितकी गळती. पंखा चालू असताना सॉकेटजवळ उदबत्ती धरा, धूर सरळ वर न जाता आडवा पळतो.

कॅनडात रेजायना इथे १९७७ मध्ये ‘सस्कॅचवान कॉन्झर्वेशन हाउस’ उभं राहिलं. जाड भिंती, आत प्लास्टिकचा अखंड पडदा. घर इतकं बंदिस्त, की ताजी हवा मुद्दाम आणावी लागली. त्यासाठी बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र बसवलं. (माझ्या मते घरापेक्षा हे यंत्रच मोठी गोष्ट.) पुढे १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात पहिलं पॅसिव्हहाउस, म्हणजे अगदी कमी इंधनात उबदार राहणारं घर, झालं. त्या पद्धतीची आजची अट अशी: ५० पास्कलला तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा गळता कामा नये.